चालणारं बिघडलं तर कळवायलाही शिकवा

महोदय,

नाशिकरोडला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. परीक्षा जवळ आली की अभियांत्रिकीची मुलं येतात, 'काका, तयार प्रोजेक्ट मिळेल का?' मला वाईट वाटतं, कारण करण्याजोगं खरं काम माझ्या टेबलावरच पडलेलं असतं.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीला मी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत कार्यप्रणाली, टाकून दिलं होतं. वर्षभर छान चाललं. मग एका अपडेटनंतर झाकण मिटून उघडलं की पडदा काळा. पंखा फिरतोय, दिसत काहीच नाही. आधीचं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडलं की सगळं ठीक. अशा बिघाडाला रिग्रेशन म्हणतात: कालपर्यंत चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बंद पडते.

कर्नलच्या लागोपाठच्या दोन आवृत्त्यांत हजारो बदल असतात, बरेचदा १३-१४ हजार. त्यातला नेमका बिघाड करणारा एक हुडकायला 'गिट बायसेक्ट' हे साधन आहे. बागेतली पाइपलाइन कुठे तुंबली हे पाहायला आपण आधी मधला जोड उघडतो, तसंच. मधल्या टप्प्याचं कर्नल तयार करायचं, चालवून पाहायचं, 'गुड' की 'बॅड' सांगायचं. दर फेरीला निम्मे बदल बाद. साधारण १४ फेऱ्यांत उत्तर. मला मात्र भलतंच उत्तर मिळालं, वायफायच्या अशा चिपचं, जी त्या लॅपटॉपमध्ये नव्हतीच! बिघाड दर वेळी होत नव्हता, आणि सातव्या फेरीला मी दोनदाच झाकण उघडून 'गुड' लिहिलं होतं. तिथून पुन्हा सुरुवात केली, दर फेरीला दहा वेळा झाकण मिटून-उघडून. चौथ्या रात्री सापडलं: ग्राफिक्स ड्रायव्हरमधली, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधली, वीज वाचवण्याची एक सुधारणा.

लिनक्स घडवणाऱ्यांना कळवलं, तपासायला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, आला, तो चालला. त्या दुरुस्तीखाली 'टेस्टेड-बाय', म्हणजे तपासून पाहणारा, म्हणून माझं नाव आहे.

वापरणाऱ्याचं चालू काम बिघडता कामा नये, याबाबत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स कमालीचे कडक आहेत. आलेली तक्रार विसरली जाऊ नये म्हणून २०२१पासून 'रेग्झबॉट' नावाचा प्रोग्रॅम तिचा माग ठेवतो. पण तक्रारच गेली नाही तर? प्रत्येक जुनं यंत्र ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या घरी नसतं. कर्नलची नवी आवृत्ती ९-१० आठवड्यांनी येते. पहिले दोन आठवडे नवे बदल घेतात, नंतर दर आठवड्याला 'आरसी', म्हणजे तपासणीसाठीची कच्ची आवृत्ती, निघते आणि फक्त दुरुस्त्या होतात. तपासायची वेळ तीच.

आडगावपासून महिरावणीपर्यंत आपल्याकडे इतकी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. प्रयोगशाळेतले जुने संगणक सरसकट भंगारात काढू नका. त्यातल्या काहींवर मुलांना दर आरसी चालवू द्या आणि नीट शोधून कळवलेलं एक रिग्रेशन शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून धरा. माझ्याकडे चार जुने लॅपटॉप आहेत, चौघांचे ग्राफिक्स वेगळे. जे महाविद्यालय हे सुरू करील, त्याला ते विनामूल्य देईन आणि पहिलं बायसेक्ट मुलांसोबत बसून करीन.

— एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, नाशिकरोड