नामांकित शाळा, हाकेच्या अंतरावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शनिवारच्या वास्तू पुरवणीत कल्याणच्या पुढच्या पट्ट्यावर पानभर लेख होता, त्यात "नामांकित शाळा हाकेच्या अंतरावर" हे वाक्य दोनदा आलंय, एकदा अंबरनाथला आणि एकदा बदलापूरला. गेले चार महिने आम्ही दोघं दर रविवारी पोरांना घेऊन त्याच पट्ट्यात फिरतोय, घर पण बघतोय आणि शाळा पण, त्यामुळे वाचून आधी हसू आलं आणि मग रागच आला. एका साइटवरून आम्ही त्या हाकेच्या अंतरावरच्या शाळेत जायला निघालो तर रिक्षावाला म्हणाला इकडून रस्ता अजून झालेला नाही, वळसा घालून जावं लागेल, ७० रुपये होतील. एवढी लांब कोणाची हाक जाते ते त्या ब्रोकरलाच माहीत.

आमचं सांगायचं तर परळला भाड्याने राहतो, मी फोर्टला कामाला आणि हे लोअर परळला. मुलगी ऑक्टोबरमध्ये सहाची होईल, म्हणजे ३१ डिसेंबरच्या नियमाने जूनला पहिलीत बसते, धाकटा दोन वर्षांचा. सासूबाई कुडाळला थोरल्या दिरांकडे असतात, त्यांना मुंबईची हवा सोसत नाही. घरमालकाला जागा परत पाहिजे आणि परळमध्येच दुसरं घर बघायला गेलं की डिपॉझिटचा आकडा ऐकून पाणी मागावं लागतं. बदलापूरला तेवढ्याच भाड्यात स्वतःच्या घराचा हप्ता निघतो, हे गणित आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं करतात आणि मग सीएसएमटीपर्यंतचे ६८ किलोमीटर रोज येतात-जातात, त्यात नवीन काही नाही. शाळेचं गणित मात्र कोणी मांडून देत नाही. जो तो एकच विचारतो, बोर्ड कुठलं?

ऑफिसात डब्याच्या वेळी रोज हेच. एक म्हणते सीबीएसईच घे, पुढे नीटला बरं पडतं, दुसरी म्हणते स्टेटला मार्क चांगले मिळतात, तिसरीची मुलगी आयसीएसईला आहे तर ती बोलतच नाही, नुसती हसते. मी पण आधी तेच विचारत फिरले. साडेपाच वर्षांच्या पोरीची नीट! तिला अजून चपलेचा डावा-उजवा कळत नाही.

पहिल्याच शाळेत रिसेप्शनला एसी, भिंतीवर जगाचा नकाशा, आणि काउन्सेलर म्हणून बसलेली मुलगी अगदी साइटवरच्या सेल्सवाल्यासारखी बोलत होती. "सीबीएसई पॅटर्न आहे मॅम." पॅटर्न म्हणजे काय विचारलं तर पुस्तकं सीबीएसईची. मग संलग्नता क्रमांक द्या म्हटलं तर तो "प्रोसेसमध्ये" आहे. दुकानात पैठणी पॅटर्न म्हणून साडी दाखवतात ना तसलं हे, लांबून छान दिसतं. बोर्डाची संलग्नता मिळालीच नाही तर पोराला आठवी-नववीत दुसरी शाळा शोधायची वेळ येते, आणि त्या वयात शाळा बदलणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. मराठी शिकवता का विचारलं तर म्हणाली, "असतं मॅम, पण टेन्शन नाही घ्यायचं." २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, आणि इथे आम्ही दोघं मराठी समोर बसलोय आणि ती आम्हालाच धीर देतेय.

माझा एक मावसभाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, तो म्हणाला ताई बोर्डाचं नंतर बघ, आधी शाळेचा यू-डायस नंबर माग. हा ११ आकडी नंबर असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि सरकारी साइटवर तो टाकला की त्या शाळेत कुठल्या इयत्तेत किती मुलं, शिक्षक किती, वर्गखोल्या आणि संडास किती, सगळं दिसतं. मला हे माहीतच नव्हतं, आणि ज्या ज्या आईला सांगितलं तिलाही नव्हतं. मग रात्री पोरं झोपली की मी सिरीयल बघावी तशी शाळा बघत बसायचे.

त्यात एक गंमत कळली. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी ३० मुलांमागे एक शिक्षक पाहिजे, तो हिशोब तर बघायचाच, पण त्याहून जास्त कळतं ते इयत्तेप्रमाणे मुलं कशी कमी होत जातात त्यावरून. एका शाळेत पहिलीत भरगच्च तुकड्या आणि पाचवीत निम्मीच मुलं. गेली कुठे बाकीची? ज्या पालकांनी चार वर्षं फी भरली तेच पोरं काढून नेत असतील तर माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आधीच दिलेलं आहे. पण हेही डोळे झाकून घेऊ नका, कारण त्या भागात वस्ती वाढतेय, शाळा नवीन असेल तर खालचे वर्ग मोठे आणि वरचे छोटे असणारच. म्हणून शाळा कधी सुरू झाली ते विचारायचं आणि शक्य असेल तर मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. हे काम मी केलं, बँकेत असल्यामुळे आकड्यांचा कंटाळा नाही, पण प्रत्येक आईने रात्री बारा वाजता हे करावं अशी अपेक्षा आहे का?

आणि ते गेटवरचे दहावीच्या शंभर टक्के निकालाचे फ्लेक्स. त्यावर माझा मावसभाऊ फक्त एवढंच म्हणाला की नववीत किती होते आणि दहावीला किती बसले ते विचार. कच्च्या मुलांना शाळेतर्फे न बसवता बाहेरून परीक्षा द्यायचा १७ नंबरचा फॉर्म भरायला लावला की निकाल आपोआप शंभर टक्के लागतो. मी दोन शाळांत विचारलं. एकीत सरळ आकडे सांगितले, दुसरीत मला चहा विचारला.

आता खरं दुखणं सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने आदेश काढला की चौथीपर्यंतची शाळा सकाळी ९ च्या आधी भरवायची नाही, पोरांची झोप व्हावी म्हणून. चांगलंच आहे, माझ्या पोरीला सातला उठवणं म्हणजे काय असतं ते मलाच माहीत. पण बदलापूरहून दहाच्या ऑफिसला पोचायचं तर आम्हाला सातला घर सोडावं लागणार, लोकलचाच सव्वा ते दीड तास, वर अलीकडे-पलीकडे चालणं. पहिलीची शाळा दीडला सुटते. आम्ही दारात उभे राहणार पावणेआठला, गाड्या वेळेवर असल्या तर. म्हणजे पोरगी शाळेत साडेचार तास आणि दुसऱ्या कोणाकडे तरी आठ तास. मग मी दर्जा कोणाचा बघू, शाळेचा का पाळणाघरवाल्या काकूंचा? हे ह्यांना बोलून दाखवलं तर हे गप्पच झाले, मग म्हणाले आपण चार महिने चुकीच्या टोकाने सुरुवात केली.

तर आम्ही रविवारी शाळा बघणं थांबवून पाळणाघरं बघायला लागलो. आणि संपादकसाहेब, खरी माहिती तिथे मिळाली! बदलापूर पूर्वेला एक काकू आहेत, आधी बालवाडी चालवायच्या, आता नऊ-दहा मुलं सांभाळतात, ती चार वेगवेगळ्या शाळांची. कुठल्या शाळेतून पोरं डबा तसाच परत आणतात, कुठल्या वर्गाला दिवाळीपासून बाईच नाहीत, कुठली बस रोज अर्धा तास उशिरा येते आणि कुठल्या बसमध्ये बाई सोबत असते, कोण पहिलीतल्या पोराला दोन-दोन पानं होमवर्क देतं, हे त्या भाजी निवडता निवडता सांगतात. कुठल्याही सरकारी इन्स्पेक्टरपेक्षा ह्या बाईचा अहवाल पक्का, कारण दीड वाजता पोरांचे चेहरे त्या बघतात. शाळा तर पोरं आत असताना बघायलाच देत नाहीत, रविवारी रिकामे बाक दाखवतात.

एक गोष्ट लिहायला जड जातेय पण लिहिते. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाले त्यानंतर, २० तारखेला लोक रुळांवर उतरले त्यानंतर, बदलापूरला मुलीसाठी शाळा बघायला जाणारी आई आधी काय बघणार? मी संडासाकडे जाते. लहान मुलींना तिथे नेणारी बाई आहे का, ती शाळेची का कंत्राटदाराची, तिच्या सुट्टीच्या दिवशी कोण. कॅमेरे सगळीकडे लागलेत आता, पण त्यांचा पडदा कोण बघतं ते विचारलं की गडबडतात. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत सखी सावित्री समिती असते, तिच्यात कोण आहे असं विचारल्यावर एका ठिकाणी "ते ऑफिसला विचारा" म्हणाले आणि मी ऑफिसातच उभी होते. ज्यांना ह्या प्रश्नांचा राग आला त्या शाळा आम्ही तिथेच सोडल्या.

आणि माझा शेवटचा प्रश्न पावसाचा. कल्याणच्या पुढे दोनच रुळ, तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम चालू आहे, आणि उल्हास नदी काय करते ते आपण २७ जुलै २०१९ ला बघितलंय, बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी आणि हजारभर माणसं आत. तसा दिवस आला आणि आम्ही दोघं मुंबईत अडकलो तर शाळा काय करणार? पॅटर्नवाल्या शाळेत उत्तर मिळालं, "ॲपवर नोटिफिकेशन येईल मॅम." दुसऱ्या एका इंग्रजी शाळेत म्हणाले पालकांनी इमर्जन्सी कॉन्टॅक्ट द्यायचा असतो, जणू कॉन्टॅक्ट दुकानात मिळतो. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एक जुनी अनुदानित मराठी शाळा आहे, तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी कपाटातून एक वही काढली. त्यात तशा दिवशी कोण मूल कोणाच्या ताब्यात दिलं, किती वाजता, सही. एका पानावर रात्री पावणेदहाची नोंद होती, खाली बाईंचीच सही. मी काही बोलले नाही, हे माझ्याकडे बघत राहिले.

म्हणून ती शाळा लगेच सोन्याची झाली असं नाही. पहिलीच्या वर्गात ४७ मुलं आहेत, म्हणजे कायद्यातला आकडा केव्हाच ओलांडलाय, एक जागा रिकामी आहे ती भरायला परवानगी नाही म्हणे. खालच्या मजल्यावरचा नळ गळतो. सेमी-इंग्रजी आहे पण इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचं इंग्रजी माझ्यासारखंच. ह्यांना अजून रुखरुख आहे की पोरगी पुढे मागे पडली तर, आणि मी त्यांना खोटा धीर देत नाही, शनिवारी-रविवारी इंग्रजी आपणच घ्यायचं ठरवलंय, बघू किती जमतं. माझं मत विचाराल तर पहिली ते चौथी पोराला घरच्या भाषेत वाचायला आलं पाहिजे आणि शाळेत न घाबरता जाता आलं पाहिजे, बाकी सगळं नंतर भरून काढता येतं. मी स्वतः मराठी माध्यमातली, फोर्टात बसते.

तुम्हाला पत्र एवढ्यासाठीच की पुरवणी तुमची आहे. बिल्डरच्या जाहिरातीबद्दल मी काही म्हणत नाही, तो तुमचा धंदा आहे, पण लेखात शाळा जवळ आहे असं छापता तेव्हा शाळेचं नाव, यू-डायस नंबर, मान्यता आहे का, पहिलीत मुलं किती आणि शिक्षक किती एवढ्या चार ओळी छापायला काय हरकत आहे? सगळं सरकारी साइटवर उघडं पडलेलं आहे, कोणाला विचारायचं पण नाही. आणि शिक्षण खात्यासाठी एक. अनधिकृत शाळांच्या यादीची बातमी तुमच्याच पेपरात मी मे-जूनमध्ये वाचते, शाळा उघडायच्या तोंडावर. प्रवेश डिसेंबर-जानेवारीत उरकतात, फी भरून झालेली असते. कायद्यात दंड आहे, एक लाख रुपये आणि पुढे चालू ठेवली तर दिवसाला दहा हजार, पण तो दंड शाळेचा, वर्ष तर पोराचं जातं. ती यादी दिवाळीनंतर लगेच काढा आणि नगरपरिषदेच्या दारावर लावा, सगळ्यांना दिसेल अशी.

ब्रोकर रोज दोनदा फोन करतोय, "मॅडम टोकन टाका, रेट वाढणार." त्याला अजून काही दिलेलं नाही. काकूंकडे मात्र जूनपासूनच्या दोन जागा धरल्या, हजार रुपये भरून आले.

आपली,
एक वाचक, परळ