आई-बाबा, पहिल्या दिवशी फक्त होडी

कोपनहेगन

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमची दोन पानी यादी पोचली. किल्ले, चर्च, वेधशाळा, राजवाडे, सगळ्यांपुढे वेळा लिहिलेल्या आणि दुपारच्या जेवणाला वीस मिनिटं. पाटबंधारे खातं सोडून इतकी वर्षं झाली तरी तुमचा दौरा अजून सरकारी जीपमधलाच आहे. त्याच रात्री आईचा वेगळा फोन आला, दबक्या आवाजात. "जिथे जिना असेल तिथे मी खाली बाकावर बसेन, पण ह्यांना आत्ता सांगू नकोस." मी सांगून टाकतेय, आई. इथे येऊन चौथ्या जिन्यापाशी भांडण्यापेक्षा साताऱ्यातच भांडून घ्या.

तर माझा बेत असा. पहिल्या दिवशी फक्त कालव्यातली होडी. तासाभराची फेरी असते, गाइड बोलत असतो आणि बसल्या जागी सगळं जुनं शहर समोरून जातं. इथे राहणारे लोक सहसा या होडीत बसत नाहीत. मी शनिवारी मुद्दाम एकटीच जाऊन आले, आईला उतरता येईल का आणि बाबांच्या शंकांना पुरेसं खाद्य मिळेल का ते बघायला. दोन्हींचं उत्तर हो आहे.

आधी आईचं. धक्क्यावरून खाली पाच-सहा पायऱ्या आहेत, धरायला कठडा आहे, आणि होडीवरची मुलं हात देतात. आपण कडेची जागा धरू. जूनमध्ये येताय म्हणून शाल घरी ठेवू नकोस. ऊन असलं तरी पाण्यावरचा वारा कानात शिरतो. आणि फेरी सुरू झाल्यावर मध्ये कुठे उतरता येत नाही, तेव्हा बाथरूमला आधीच जाऊन यायचं, हे मी दोघांनाही लिहितेय.

होडी न्यूहाउनमधून निघते. कॅलेंडरवर येतात ती लाल-पिवळी-निळी घरं इथलीच. आता तिथे खुर्च्या टाकून लोक महागडी बिअर पीत बसतात, पण 1670च्या दशकात हा कालवा खणला तो जहाजं थेट शहराच्या चौकापर्यंत यावीत म्हणून. पुढे कित्येक वर्षं इथे खलाशी, गुत्ते आणि त्यांच्यामागून येणारं सगळंच होतं. परीकथा लिहिणारा अँडरसन या एकाच गल्लीत वेगवेगळ्या वेळी तीन घरांत राहिला, 20, 67 आणि 18 नंबरात. जन्मभर भाडेकरूच.

कालव्यातून बाहेर पडलं की बंदराचं मोठं पाणी लागतं. डाव्या हाताला आमालिएनबोर्ग, राजाचं घर. एकसारखे चार वाडे, मध्ये आठकोनी चौक आणि चौकात घोड्यावर बसलेला पाचवा फ्रेडरिक. त्याच्या मागे सरळ रेषेत संगमरवरी चर्चचा घुमट, आणि पाण्याच्या पलीकडच्या काठावर, त्याच रेषेत, 2005 साली उघडलेलं ऑपेराघर. त्या चर्चची पायाभरणी 1749ची. पैसे संपले, 1770 साली काम थांबलं आणि शंभरावर वर्षं राजवाड्यासमोर नुसते पडके खांब उभे होते. 1894 साली ते पुरं झालं, तेही ठरवलेल्या संगमरवराऐवजी बरंचसं स्वस्त दगडात. बाबा, आपल्याकडचं कुठलं धरण आठवलं ते लिहून कळवा.

आईला ज्या राणीचं कौतुक होतं, ती मार्गरेट, इथेच राहायची. बावन्न वर्षं राज्य केलं आणि 2023च्या शेवटच्या रात्री टीव्हीवर देशाला शुभेच्छा देता देता सांगून टाकलं की आता पुरे, मुलगा बघेल. पाठीचं मोठं ऑपरेशन झालं होतं. 14 जानेवारी 2024ला तिने सही केली आणि मुलगा दहावा फ्रेडरिक म्हणून गादीवर आला. दुपारी बाराला इथे पहारा बदलतो, केसाळ उंच टोप्या घातलेले शिपाई शहरातून चालत येतात. ते आपण दुसऱ्या दिवशी बघू, फुकट असतं.

पुढे जलपरी. तिच्याबद्दल आधीच सांगून ठेवते, म्हणजे विरस होणार नाही. सव्वा मीटर उंचीची आहे. कार्ल्सबर्ग बिअरवाल्या कार्ल याकोबसेनने करून घेतली आणि 1913 साली शहराला दिली. होडीतून तिची पाठ दिसते. वर काठावर तिला समोरून बघायला शेकडो लोकांची झुंबड, आणि आपण खालून तिच्या पाठीकडून त्या झुंबडीचे चेहरे बघतो, हे मला जास्त आवडलं. बिचारीचे हाल मात्र फार झालेत. 1964 साली तिचं डोकं कापून नेलं, नंतर एकदा हात, 1998 साली परत डोकं. ती तुमच्या यादीत पहिल्या नंबरावर आहे, बाबा. तिथवर चालत जायची काही गरज नाही.

आता जे तुमच्यासाठी राखून ठेवलंय ते.

होडी वळून पलीकडच्या काठाने परत येते ती क्रिश्चियन्सहाउनकडे. हा भाग सतराव्या शतकाच्या सुरुवातीला चौथ्या क्रिश्चियन राजाने उथळ पाण्यात भर टाकून उठवला, डच धर्तीवर, मधोमध कालवा ठेवून. तुम्ही विचारालच की पाण्याची पातळी कशी सांभाळतात. इथे भरती-ओहोटी नावापुरतीच असते. पण वाऱ्याने पाणी चढलं की काही पुलांखालून होडी जात नाही, मग मार्ग बदलतात. एरवीसुद्धा पूल इतके बुटके आहेत की गाइड दर वेळी ओरडतो, "बसून राहा, हात आत!" तुम्ही दगड मोजायला उभे राहणार हे मला आत्ताच दिसतंय.

त्याच काठावर ‘आशियाटिस्क प्लाद्स’ नावाचा चौक आहे. गाइडने तिथे दोन वाक्यं टाकली, ही डॅनिश एशियाटिक कंपनी, 1732 साली निघाली, चीनहून चहा आणायची, हिंदुस्थानात व्यापार करायची, आता तिच्या जागी परराष्ट्र खातं आहे. आणि होडी पुढे. मी मात्र मागे वळून बघतच राहिले. कारण मगाशी पाहिलेला तो घोड्यावरचा पाचवा फ्रेडरिक, त्या पुतळ्याचा अवाढव्य खर्च याच कंपनीने उचलला होता. आणि याच फ्रेडरिकच्या नावाने डॅनिश लोकांनी 1755 साली बंगालमध्ये हुगळीकाठी एक वसाहत केली, फ्रेडरिक्सनागोर. आपण तिला श्रीरामपूर म्हणतो. नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं.

आता पुढचं तुम्हाला माहीत आहे, फक्त या बाजूने कधी बघितलं नसेल. विल्यम केरी हा इंग्रज पाद्री. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून तो 1800 साली श्रीरामपूरला गेला, कारण तिथे डॅनिश झेंडा होता आणि डॅनिश गव्हर्नरने आसरा दिला. तिथे त्याने छापखाना काढला आणि पंडित वैजनाथांच्या मदतीने रचलेलं मराठीचं व्याकरण 1805 साली त्याच छापखान्यात छापलं. म्हणजे पुण्यात अजून पेशवाई होती, आणि मराठीचं व्याकरण छापून निघत होतं ते डेन्मार्कच्या राजाच्या हद्दीत! शनिवारी होडीत मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईंना वाटलं, मला गाइडचा विनोद कळला.

आणि तंजावर? मागे तुम्ही दोघं गेला होतात, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा तो लांबलचक मराठी शिलालेख बाबांनी उन्हात उभं राहून वाचला होता आणि आईला घेरी आली होती. तिथून समुद्राकडे गेलं की तरंगमबाडी लागतं. चौथ्या क्रिश्चियनने, त्याच कालवेवाल्या राजाने, 1618 साली ओव्हे गेड्डे नावाच्या तरुण सरदाराबरोबर जहाजं पाठवली. 1620 साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार झाला आणि किनाऱ्यावर डान्सबोर्ग किल्ला उभा राहिला. पुढे नायक गेले, व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, तरी डॅनिश तिथेच होते आणि दरबारात वर्षासन भरत होते, ते आता मराठ्यांच्या. सरफोजीराजांना घडवणारा श्वार्ट्झ पाद्री जर्मन खरा, पण 1750 साली आला तो डॅनिश मिशनकडून, तरंगमबाडीलाच. तरंगमबाडी आणि श्रीरामपूर दोन्ही 1845 साली इंग्रजांना विकून हे लोक मोकळे झाले. इथे आता सामान्य माणसाला यातलं फारसं आठवत नाही. ऑफिसात सांगितलं तर दोघा-तिघांना आम्ही तुमच्या देशातही होतो का, असं वाटलं. मी म्हटलं, होतात, भाडं भरून.

पण यात नुसतं गोड काही नाही. बंदरावर अजून एक जुनं गोदाम आहे, वेस्ट इंडीजच्या साखरेचं. ती साखर आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी पिकवलेली. ती बेटं डेन्मार्कने 1917 साली अमेरिकेला विकली. गाइडने गोदाम दाखवलं, साखर सांगितली, माणसं सांगितली नाहीत. एवढा एक राग मला त्या फेरीचा आला. त्या सुंदर घरांपैकी काहींचा पैसा तिथूनही आलाय, हे दोन पुलांच्या मध्ये सांगून होण्यासारखं होतं.

शेवटी होडी जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीजवळून जाते. हीही चौथ्या क्रिश्चियनचीच, 1619 साली सुरू केलेली. हिच्यावर चार मगरतोंडे ड्रॅगन होते, शेपट्यांना पीळ देऊन उंच निमुळता कळस केलेला. हे ड्रॅगन आगीपासून राखण करतात अशी समजूत होती, आणि शेजारचा क्रिश्चियन्सबोर्ग राजवाडा दोनदा जळला तरी ही वाचली होती. 16 एप्रिल 2024ला, इमारतीला चारशे वर्षं होतात म्हणून डागडुजी चालू असताना, तिला आग लागली. कळस पेटत कोसळला. त्या सकाळी रस्त्याने जाणारे लोक, तिथले कर्मचारी, शिपाई असे सगळे मिळून आतली जुनी चित्रं खांद्यावर वाहून आणत होते. निम्मी इमारत गेली. आता ती जशी होती तशीच पुन्हा बांधायचं ठरलंय. होडीत त्या ठिकाणी बडबड आपोआप थांबली. गाइडही, जो तोवर प्रत्येक चर्चवर एक विनोद करत होता, तिथे फक्त तारीख बोलला.

हे बघायला आपण परत चालतही येऊ, कारण बाबांना नुसतं होडीतून पुरणार नाही. काम कसं चालतं ते कुंपणापलीकडून बघत तासभर उभे राहा, मी आणि आई जवळच कुठेतरी कॉफी घेऊ.

दुसऱ्या दिवशी गोल मनोरा, हा मी तुमच्या यादीतून ठेवलाय. 1642 सालचा, वर वेधशाळा. आई, यात जिना नाही! आतून रुंद चढ वळत वळत वर जातो, वर पुस्तकं आणि जड उपकरणं न्यायची म्हणून तसा केलेला. 1716 साली रशियाचा झार पीटर यावरून घोडा घेऊन गेला म्हणतात. अगदी वर थोड्या पायऱ्या आहेत, त्या तू नाही चढलीस तरी चालेल. बाहेरून गोल जिना असलेला चर्चचा मनोरा मात्र मी यादीतून खोडलाय. चारशे पायऱ्या आहेत आणि शेवटच्या उघड्यावर. बाबा, तुमच्या बीपीच्या गोळ्यांकडे बघून खोडलाय, वाद नको.

मालमोला जायचं ठेवू. पुलावरून आगगाडी जाते, पाऊण तासाच्या आत स्वीडनमध्ये, संध्याकाळी परत.

बाबांना एक काम. तुमच्या इतिहासवाल्या मित्रमंडळींना विचारून बघा, केरीच्या त्या 1805च्या व्याकरणाची प्रत पुण्यात कुठे बघायला मिळेल का. मिळाली तर मुखपृष्ठाचा फोटो काढून आणा. ऑफिसातल्या लोकांना दाखवायचाय.

आईने औषधांची चिठ्ठी डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत लिहून घ्यावी, गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात. गुडघ्याचा पट्टा हातातल्या बॅगेत. व्हिसाच्या तारखेआधी विम्याचे कागद मी मेलवर पाठवते, शेजारच्या दादाकडून छापून घ्या.

तुमची,
मीनू

ता. क. होडीची तिकिटं मी काढून ठेवते. सकाळची पहिली फेरी घेऊ, गर्दी कमी असते आणि बाबांना गाइडशेजारी जागा मिळेल. गाइडची मला आत्तापासूनच दया येतेय.