अडकणारा चित्रपट आणि हार्ड डिस्कवरचा आळ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातील संगणकविषयक सदरात एका वाचकाने विचारले होते की, एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरून चित्रपट लावला की तो अडकत अडकत चालतो, तर काय करावे. ‘चित्रपट आधी संगणकात कॉपी करावा आणि मगच पाहावा, तरीही अडचण राहिल्यास डिस्क बदलावी’ असे उत्तर सदरात दिले होते. दुकानांतूनही बहुधा हाच सल्ला मिळतो. त्यातील दुसऱ्या भागाला मात्र काहीच आधार नाही. फाइल संगणकात घेऊनही चित्रपट अडकत असेल, तर डिस्क निर्दोष असल्याचेच त्यातून सिद्ध होते. मग ती बदलायची कशासाठी?

थोडा हिशेब मांडून पाहू. दोन तासांच्या चित्रपटाची फाइल आठ जीबीची धरली, तर ती सुरळीत चालण्यासाठी डिस्ककडून सेकंदाला साधारण 1.1 एमबी एवढीच माहिती यावी लागते. यूएसबी 2.0 हे मानक 2000 सालचे, म्हणजे आता पुष्कळ जुने. पण त्याच्या पोर्टमधूनही प्रत्यक्षात सेकंदाला तीसेक एमबी सहज येतात. फोर-के, म्हणजे अतिशय स्पष्ट चित्राच्या ब्लू-रे डिस्कसाठी ठरलेली कमाल गतीही सेकंदाला 20 एमबीहून कमीच आहे. याचा अर्थ तीही या जुन्या पोर्टच्या आवाक्यातली आहे. निळ्या रंगाचे यूएसबी 3.0 पोर्ट असेल तर कॉपी लवकर होते हे खरे, पण चित्रपट पाहण्यासाठी त्यावाचून अडत नाही.

मग अडते कुठे? बहुतेक वेळा प्रोसेसरपाशी. व्हिडिओ साठवताना तो दाबून लहान केलेला असतो आणि दाखवताना दर क्षणी उलगडावा लागतो. 2003 सालची एच.264 ही पद्धत जुन्या लॅपटॉपलाही झेपते. 2013 साली आलेल्या एच.265 म्हणजेच एचईव्हीसी या पद्धतीत फाइल बरीच लहान होते, परंतु ती उलगडण्याचे काम तितकेच जड असते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठीची अंगभूत सोय सहाव्या पिढीपासून आली आणि फोर-के एचडीआर (जास्त रंगछटांच्या) चित्रपटांना लागणाऱ्या 10 बिट प्रकारासाठी ती सातव्या पिढीपासून मिळू लागली. त्याआधीच्या संगणकावर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, आवाज नीट ऐकू येत राहतो आणि चित्र मात्र मागे पडते. अशा वेळी विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून कोणत्या भागावर किती भार आहे ते पाहावे. सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा आकडा शंभर टक्क्यांना टेकलेला आणि डिस्कचा जेमतेम दोन-चार टक्के दिसला, तर वेगळ्या तपासणीची गरज उरत नाही.

हा प्रश्न केवळ उतरवून घेतलेल्या चित्रपटांचा आहे, असे समजून कोणी नाक मुरडू नये. घरच्या लग्नाचे, हौशी नाट्यमंडळाच्या प्रयोगाचे फोनवर केलेले चित्रीकरण आता बऱ्याचदा एचईव्हीसीमध्येच असते. आयफोनमध्ये तर 2017 पासून हाच पर्याय मुळात निवडलेला असतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडले, तर पुढचे चित्रीकरण एच.264 मध्ये होते. आधी झालेले चित्रीकरण एच.264 मध्ये बदलण्यासाठी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर आहे. जुन्या संगणकावर या रूपांतराला रात्रभर लागू शकते, पण ते एकदाच करावे लागते.

डिस्ककडे खरोखर दोष असतो तोही सांगायला हवा. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबले, डिस्कमधून टिकटिक ऐकू आली किंवा संगणक डिस्क निघाल्याचा आणि पुन्हा लागल्याचा आवाज वारंवार करू लागला, तर आधी वीजपुरवठ्यावर संशय घ्यावा. यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअँपिअर इतकाच प्रवाह देते आणि लहान डिस्क त्याच प्रवाहावर फिरते. तेव्हा एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा मधला स्वस्त हब काढून ती डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला थेट जोडून पाहावी. दुसरा संशय केबलवर. अनेक डिस्कना असणारी ती चपटी, दोन भागांची पिन लवकर सैल होते. (त्या खाचेच्या मोठ्या भागात फोनची जुनी मायक्रो यूएसबी केबलही बसते, चित्रपट तीवर चालतो, फक्त कॉपी करताना जीव जातो.) हे दोन्ही करूनही टिकटिक थांबली नाही, तर मात्र आतील सामान ताबडतोब दुसरीकडे हलवावे.

सदरातील ‘फॉरमॅट मारून पाहा’ ही सूचना तर मला धोकादायकच वाटली, कारण फॉरमॅट केल्यास डिस्कवरचे सगळे जाते, हे तेथे कुठेच लिहिलेले नव्हते. फॉरमॅटचा खरा संबंध वेगळ्याच अडचणीशी आहे. फॉरमॅट करताना डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत ठरते आणि त्यांतील एफएटी32 पद्धतीच्या डिस्कवर चार जीबीहून मोठी फाइल ठेवताच येत नाही. डिस्कमध्ये पाचशे जीबी मोकळे असले तरीही. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे डिस्क वापरायची असल्यास एक्सफॅट ही पद्धत सोयीची, पण तो बदल आतील सामान दुसरीकडे सुरक्षित ठेवल्यानंतरच करावा.

म्हणून विनंती अशी की, सदराच्या पुढील भागात या उत्तराची दुरुस्ती ठळकपणे छापावी आणि अशा प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी वाचकाकडून प्रोसेसरची पिढी व फाइलचा प्रकार या दोन गोष्टी आवर्जून विचारून घ्याव्यात. व्हीएलसी प्लेअर या चित्रपट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टूल्सखालील ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडले की फाइलचा प्रकार कोणालाही वाचता येतो.

आपला,
एक नियमित वाचक
सांगली