‘ओळखलंत का?’ विचारू नका, नाव सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शिष्ट माणसांवर एक खुसखुशीत लेख होता. जिन्यात हसून बोलणारी, पण रस्त्यात समोरून येताना भिंतीकडे बघावं तसं बघून पुढे निघून जाणारी शेजारीण लेखकाने छान रंगवली आहे. वाचताना मलाही हसू आलं. मग लक्षात आलं, ती शेजारीण मीच असू शकते. (लेखक खरोखरच माझ्या शेजारी राहत असतील तर त्यांनी एकदा दार वाजवून नाव सांगावं. एरवी मला कळणार नाही.)

मला माणसांचे चेहरे ओळखता येत नाहीत. दिसतात सगळे. नाक, डोळे, हनुवटीवरचा तीळ, कपाळावरची आठी, माणूस रागावलाय की हसतोय, सगळं स्वच्छ दिसतं. पण हे सगळं मिळून ‘ही अमुक’ असं जे तुमच्या डोक्यात आपोआप लागतं, ते माझ्या डोक्यात लागत नाही. याला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात. योआखिम बोडामर या जर्मन मज्जाविकारतज्ज्ञाने १९४७ साली डोक्याला जखम झालेल्या रुग्णांचं वर्णन करताना हा शब्द आणला. ग्रीक भाषेत ‘प्रोसोपॉन’ म्हणजे चेहरा. काही जणांना हे अपघातानंतर किंवा पक्षाघातानंतर जडतं. माझ्यासारखे काही जण जन्मापासूनच असे असतात आणि त्यांना ते माहीतही नसतं. जे कधी आलंच नाही ते गेलं, असं वाटणार तरी कसं?

जुजबी परिचयाला आपण मराठीत ‘तोंडओळख’ म्हणतो. म्हणजे सगळ्यात वरवरची, फुकटात होणारी ओळख ती तोंडाची. माझं गणित इथेच उलटं पडतं. मला माणसाची चाल ओळखू येते, आवाज ओळखू येतो, जिना चढताना चपला कशा वाजतात त्यावरून वरच्या मजल्यावरचं कोण आलं ते मी सांगते. तोंडओळख तेवढी होत नाही.

गणित म्हटलं, कारण तीस वर्षं तेच शिकवलं. दरवर्षी चाळीस नवी मुलं, सगळी एकाच गणवेशात, बहुतेकांचे केसही एकाच वळणाचे. पहिल्याच आठवड्यात मी हजेरीपटाच्या मागे बाकांचा नकाशा काढून कोण कुठे बसतं ते लिहून ठेवत असे. जागा बदललेली बाईंना खपत नाही, असा माझा लौकिक होता. शिस्तीची म्हणून माझं कौतुकही व्हायचं. एका वर्षी मुलांनी गंमत म्हणून सगळ्या जागा बदलल्या आणि मी अख्खा तास चुकीच्या नावांनी चुकीच्या मुलांना फळ्यापाशी बोलावत राहिले. वर्ग हसून लोटपोट. मला वाटलं, माझ्या पाठीला खडू लागलाय.

आणि त्याच मुलांच्या वह्या मी नाव झाकून ओळखत असे. कोणाचा पाच पोटातून फाटलेला, कोण बरोबरच्या चिन्हाच्या दोन रेघा कधी समांतर काढत नाही, सगळं पाठ. नाव न लिहिलेली उत्तरपत्रिका सापडली की शिक्षकांच्या खोलीतून ती माझ्याकडे यायची. ‘बाईंची स्मरणशक्ती बघा’ म्हणायचे सहकारी. त्यांच्यापैकी कोणी सुट्टीत केस कापून आलं की दोन दिवस मी त्यांना नवीन शिक्षक समजत असे.

दमयंतीची गोष्ट मला म्हणूनच जवळची वाटते. स्वयंवरात तिच्यासमोर पाच नळ उभे राहिले, एक खरा आणि चार देव. चेहऱ्याचा काही उपयोग नाही. मग तिने बघितलं, कोणाच्या पापण्या लवतात, कोणाला घाम आलाय, कोणाच्या गळ्यातली माळ कोमेजलीय, कोणाचे पाय जमिनीला टेकलेत. मी तेच करते, फक्त दिवसातून पन्नास वेळा, आणि माझ्या विनवणीवरून खुणा प्रकट करणारे देव समोर नसतात.

हसण्यावारी नेता येत नाही असा एक प्रसंग सांगते. पालकसभेच्या दिवशी एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले. उंच, टक्कल, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. माझ्या खुणांच्या हिशेबात ते एका विशिष्ट मुलाचे वडील होते. मी त्यांना त्यांच्या मुलाची अडचण सविस्तर सांगितली: घरातल्या भांडणांचा त्याच्या अभ्यासावर कसा परिणाम होतोय, तो मधल्या सुट्टीत एकटा बसून कसा रडतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बाई, मी त्याचा वडील नाही.’ त्या मुलाच्या घरचं गुपित मी परक्या माणसाला सांगून बसले होते. त्या गृहस्थांनी ते कुठे बोलून दाखवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक पालकाला मी आधी विद्यार्थ्याचं नाव आणि हजेरी क्रमांक कागदावर लिहायला लावला. त्यावरूनही ‘काय हा तोरा’ असं कोणीतरी बोललं. बोलू दे.

मला हे सगळं कळलं वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. मुलीने केंब्रिजच्या नावाने ओळखली जाणारी एक चाचणी पाठवली; संशोधक ती २००६ पासून वापरतात. आधी सहा चेहरे दाखवतात, केस कापून टाकलेले, नुसता चेहरा. मग प्रत्येक वेळी तीन चेहरे समोर येतात आणि त्यातला आधी पाहिलेला निवडायचा. एकूण बहात्तर प्रश्न. डोळे मिटून बोट ठेवलं तरी सरासरीने चोवीस बरोबर यावेत. माझे तेहतीस आले. इतके कमी गुण मला आयुष्यात कशातच पडले नव्हते. पुढे मज्जाविकारतज्ज्ञांनी तपासून शिक्कामोर्तब केलं. औषध नाही म्हणाले. सरावाने थोडाफार फरक पडतो का यावर प्रयोग झालेत, पण बरं करणारा उपचार अजून नाही. मला मात्र त्या दिवशी हलकं वाटलं. मी चोपन्न वर्षं स्वतःला बेपर्वा समजत आले होते.

हे नेमकं कसं असतं ते वाचकांना समजून घ्यायचं असेल तर हातातला अंक उलटा धरून पहिल्या पानावरचे फोटो बघा. नाक-डोळे सगळे आहेत, पण माणूस चटकन हाती लागत नाही. सुलटा चेहरा तुमचा मेंदू एकेक अवयव करून वाचत नाही, एका घासात अख्खा उचलतो. हे काम करणारा एक भाग मेंदूच्या खालच्या अंगाला, मागच्या बाजूला असतो, आणि बहुतेकांत उजवीकडचा जास्त कामाचा. नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याला चेहऱ्यांचा भाग म्हणून नाव दिलं. चेहरा उलटा केला की तुमचाही तो घास चुकतो आणि तुम्ही माझ्यासारखे सुटे भाग जुळवू लागता. फरक इतकाच की तुम्ही अंक पुन्हा सरळ करू शकता.

जन्मजात प्रकार पुष्कळदा घराण्यात चालतो असं वाचलं, आणि मला एकदम माझे वडील दिसले. म्हणजे त्यांचा चेहरा नव्हे, त्यांचा आवाज. अण्णा रस्त्यात भेटेल त्याला, अगदी भेटेल त्याला, हात उंचावून म्हणायचे, ‘या या! किती दिवसांनी! घरी सगळे ठीक ना?’ या प्रश्नाला जगातल्या कोणत्याही माणसाला उत्तर देता येतं. समोरचा बोलू लागला की दोन-तीन वाक्यांत अण्णांना तो कोण हे कळत असणार. लोक त्यांना जगमित्र म्हणायचे. मी लाजाळू, म्हणून मी उलटा मार्ग धरला. खात्री असल्याशिवाय कोणाकडे बघून हसायचं नाही. मी शिष्ट ठरले. दोघांचं दुखणं एकच होतं, आणि याबद्दल आम्ही एक अक्षरही कधी बोललो नाही. आता अण्णा नाहीत.

मुलगी पहिलीत असताना शाळा सुटली की मी तिला लाल दप्तरावरून शोधायचे. एकदा तिने मैत्रिणीशी दप्तर बदललं. मी त्या दुसऱ्याच मुलीचा हात धरून चालू लागले. मागून आवाज आला, ‘आई, ती मी नाही!’ तिने त्यावर रडारड केली नाही, विचारलंही काही नाही. दुसऱ्या दिवसापासून ती फाटकातूनच ओरडू लागली, ‘आई, मी!’ आज ती एकोणतीस वर्षांची आहे. अजून गर्दीत मला भेटायचं असलं की लांबूनच हाक मारते, तेच दोन शब्द.

यांचं काम समारंभात कानात कुजबुजायचं. ‘उजवीकडून येतेय ती मामेबहीण, मागचा तिचा दीर.’ सिनेमातसुद्धा. नायकाने दाढी केली की माझ्या दृष्टीने नवीन पात्र येतं, मग हे म्हणत, ‘अगं, हा मघाचाच.’ तीन वर्षांपूर्वी हे गेले. भेटायला माणसं आली, गळ्यात पडून रडली. मी पण रडले. कोणाच्या गळ्यात, ते सांगायला कानाशी कोणी नव्हतं.

एक कबुली देते. २०२० नंतरचा मुखपट्टीचा काळ इतर बाबतींत वाईट होता, पण या एका बाबतीत मी त्यात सुखी होते. सगळेच एकमेकांना ओळखेनासे झाले आणि चक्क नावं सांगू लागले. ‘मी अमुक बोलतेय, मागच्या इमारतीतली.’ किती सोपं होतं! पट्ट्या उतरल्या आणि ‘ओळखलंत का?’ परत आलं.

माझी विनंती त्या प्रश्नाबद्दलच आहे. ‘ओळखलंत का?’ आणि त्याचा थोरला भाऊ ‘ओळखा पाहू!’ हे तुमच्या दृष्टीने प्रेमाचे शब्द आहेत. माझ्यासाठी ती तोंडी परीक्षा असते, अगदी शब्दशः. समोरचा हसत उभा, बाजूचे चार जण बघताहेत, आणि मी त्याच्या चपला न्याहाळतेय. त्यापेक्षा नाव सांगा, आणि कुठे भेटलो होतो ते. वाक्य पुरं व्हायच्या आत मला तुमच्या घरातली सगळी माणसं, त्यांची दुखणी, तुमचं अक्षर, सगळं आठवेल. मी तुम्हाला विसरलेली नसते.

आम्ही फार थोडे आहोत असंही नाही. जेन गुडॉल यांनी चिंपांझींमध्ये आयुष्य घालवलं, त्यांना हा त्रास होता. भव्य व्यक्तिचित्रं काढणारे चित्रकार चक क्लोज यांनाही होता. छायाचित्रावर चौकटी आखून ते एकेक चौकोन रंगवत. (आलेखाच्या कागदावर चेहरा! मला हे कळलं तेव्हा मी खुर्चीत उड्या मारल्या.) जर्मनीत ६८९ विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात १७ जण जन्मजात असे निघाले. म्हणजे जवळपास अडीच टक्के.

अडीच टक्के वाचलं आणि सवयीने मी गुणाकार केला. चाळीसच्या वर्गात एक.

तेव्हापासून मला एक मुलगा सारखा आठवतो. तपासलेल्या वह्या वाटायला दिल्या की तो बाकांपाशी जात नसे. पुढे उभा राहून एकेक नाव मोठ्याने पुकारायचा आणि मुलांना उठून यायला लावायचा. मला तो आळस वाटला. ‘वर्षभर एकत्र बसता आणि कोण कुठला माहीत नाही?’ असं सगळ्यांसमोर बोलून मी त्याला दोनदा बाकावर उभं केलं. खाली मान घालून उभा राहिला. त्याचं अक्षर बारीक, डावीकडे कललेलं, सातला मधे आडवी रेघ. चेहरा विचाराल तर सांगता येणार नाही.

आता तो चाळिशीचा असेल. हा अंक त्याच्या हाती पडला आणि आम्ही कधी समोरासमोर आलो, तर दोघंही सरळ निघून जाऊ अशी दाट शक्यता आहे. म्हणून इथेच लिहिते. बाळा, समोर एखादी जाड भिंगाच्या चष्म्याची, डाव्या पायाने किंचित लंगडणारी बाई दिसली तर थांब आणि नाव सांग. मी माझं सांगेन.

आपली नम्र,
एक निवृत्त गणितशिक्षिका

ता.क. नाव छापू नये ही विनंती. त्या पालकसभेतला मुलगाही आता मोठा झाला आहे.