पैसा आला की हवा आपोआप सुधारते?
अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. अर्थमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

‘आधी विकास होऊ द्या, पर्यावरणाचं मग बघू,’ असं आपण आणि आपले पूर्वसुरी सांगत आलात. काही श्रीमंत देशांत धूर आणि सांडपाणी खरंच कमी झालं. (जगाचं एकूण कार्बन उत्सर्जन मात्र वाढतंच राहिलं.) पण ते आपोआप नाही झालं. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराने पाच दिवस मुक्काम ठोकला. तेव्हाच्या अंदाजानुसार चार हजार माणसं दगावली. सरकारने खापर फ्लूवर फोडलं. एका खासदाराने खासगी विधेयक आणून सरकारला कोंडीत पकडलं, तेव्हा कुठे १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला.

निवडणुका होतात म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही. जपानमधल्या मिनामाताच्या आजाराची, म्हणजे पाऱ्याच्या विषबाधेची, अधिकृत नोंद १९५६ ची. १९५९ मध्ये तिथल्या रासायनिक कारखान्याच्याच डॉक्टरने कारखान्याचं सांडपाणी मांजराच्या खाण्यात मिसळून पाहिलं. मांजराला झटके येऊ लागले. व्यवस्थापनाने निष्कर्ष दडपला. पारा समुद्रात जात राहिला तो १९६८ पर्यंत. सरकारने कारण मान्य केलं तेही त्याच वर्षी, पारा वापरणारी ती उत्पादनपद्धत बंद झाल्यावर! जपानच्या भरभराटीचीच ही वर्षं.

सगळा दोष नफेखोरीला द्यावा, तर सोव्हिएत संघात खासगी नफा नव्हताच. तरी कापसाच्या उद्दिष्टापायी अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी वळवलं गेलं आणि जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर, अरल समुद्र, आटत गेला. अरलकाठच्या मोयनाक बंदरातली मासेमारी जहाजं आज वाळूत गंजताहेत. फर्मान मॉस्कोतून निघायचं; कोळ्यांना कोण विचारणार?

आता आपल्या खात्याचं. नदी नासली आणि तिच्या सफाईचं कंत्राट निघालं, की तो खर्च जीडीपीत जमा होतो. नासलेली नदी कुठेच वजा होत नाही. पर्यावरणाचा हिशेब मांडायची पद्धत संयुक्त राष्ट्रांनी २०१२ मध्येच मान्य केली आहे, तेव्हा ‘मोजायचं कसं’ ही सबब नको. अर्थसंकल्पाबरोबर तोही हिशेब सभागृहात ठेवा. प्रत्येक कारखान्याच्या धूर-सांडपाण्याच्या चाचण्यांचे आकडे कुणी न मागता जाहीर करा. आणि गुंतवणूक आणणाऱ्या खात्याच्या हाती पर्यावरण मंजुरीचा शिक्का देऊ नका.

यातलं काय या अधिवेशनात होईल, तेवढं लेखी कळवावं.

आपला,
एक करदाता