तक्रार ‘क्लोज’ करू नका

प्रति,
ग्राहकसेवा प्रमुख,
मुख्य कार्यालय.

विषय: २०१३ च्या डिझेल सेडानमधली थरथर, वर्कशॉपचं चुकीचं निदान आणि गरज नसलेल्या कामांचे घेतलेले पैसे.

आज दुपारी तुमच्या कॉल सेंटरमधून फोन आला. पलीकडच्या मुलीने गाडीचा नंबर वाचून दाखवला आणि विचारलं, “मॅडम, आपली गाडी आता व्यवस्थित आहे ना?” मी सांगितलं, गाडी व्यवस्थित आहे, पण ती तुम्ही केलेली नाही, तुमच्याकडे पैसे भरून कंटाळल्यावर बाहेरच्या मिस्त्रींनी केली. त्यावर ती म्हणाली, “म्हणजे प्रॉब्लेम सॉल्व्ह झालाय. ओके मॅडम, मग मी कंप्लेंट क्लोज करते. एक मेसेज येईल, त्यात प्लीज दहापैकी दहा द्या.” मी ‘क्लोज करू नका’ म्हणेपर्यंत फोन कट झाला होता. त्या मुलीवर माझा राग नाही. तिला जे शिकवलं तेच ती बोलली. राग शिकवणाऱ्यांवर आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

गाडी मी कराडहून साताऱ्याला नोकरीच्या ठिकाणी नेते. शोरूममधून बाहेर काढली त्या दिवसापासून मीच चालवते. पहिल्या फ्री सर्व्हिसपासून या प्रकरणापर्यंतचं एकेक काम तुमच्याच अधिकृत वर्कशॉपमध्ये झालंय, बिलांची फाईल माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी थरथरायला लागली. तासवड्याचा टोलनाका ओलांडून रस्ता मोकळा मिळाला, ७० च्या पुढे एक्सलरेटर दाबला, की पायाखालचा पत्रा आणि सीट दोन्ही थरथरायचे. पाय उचलला की त्याच क्षणी बंद. ९० ला न्यूट्रल करून गाडी नुसती पळू दिली, तर काहीही नाही. ब्रेक मारल्यावर काही नाही. स्टिअरिंग हातात स्थिर. गाडी उभी करून इंजिन ३००० आरपीएमपर्यंत नेलं तरी काही नाही. पुण्याहून परत येताना खंबाटकी घाट चढायला लागलं, की मात्र तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगातसुद्धा गाडी डावी-उजवीकडे घुसळल्यासारखी हलायची.

हे सगळं मी पहिल्याच भेटीत सर्व्हिस ॲडव्हायझरला सांगितलं आणि जॉब कार्डवर लिहून घ्यायला सांगितलं. त्याने लिहिलं, ‘व्हायब्रेशन चेक’. बाकी काही नाही. मी पुन्हा म्हणाले, एक्सलरेटर दाबल्यावरच होतं, हे लिहा. तो म्हणाला, “टेक्निशियनला तोंडी सांगतो मॅडम.”

गाडी तुम्ही बनवलेली आहे, तेव्हा मी जे सांगत होते त्याचा अर्थ तुमच्या माणसांना कळायला हवा होता. चाक बॅलन्समध्ये नसेल किंवा रिम वाकली असेल, तर हादरे वेगाप्रमाणे येतात. एक्सलरेटरवर पाय आहे की नाही याच्याशी त्या चाकाला देणंघेणं नसतं. पुढच्या ब्रेकच्या डिस्क असमान झिजल्या असतील तर ब्रेक मारताना कळतं. इंजिनची माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं ते रबरी आधार, दबून गेली असतील तर उभ्या गाडीत, एसी लावल्यावर, रेस करताना कळतं. यातलं एकही लक्षण माझ्या गाडीत नव्हतं. तरीही तुमच्या वर्कशॉपने आधी बॅलन्सिंग-अलाइनमेंट केलं, मग डिस्क टर्निंग केलं, मग इंजिन माउंटिंगचा पूर्ण संच बदलला. १,२००, मग १,८००, मग ११,४००. दर वेळी बिलावर ‘रोड टेस्ट ओके’ असा शिक्का, आणि दर वेळी उंब्रजच्या पुढे पायाखाली तीच थरथर. त्यानंतर टायर बदला म्हणून सांगितलं. माझ्या टायरच्या कडेवर तारखेचे चार आकडे २२२३ आहेत. म्हणजे २०२३ सालच्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेले टायर. ते ‘जुने’ म्हणून तुमच्या माणसाने लिहून दिलंय, तो कागद सोबत जोडला आहे.

आता त्या शनिवारचं सांगते, कारण या पत्राचं खरं कारण तोच शनिवार आहे.

माउंटिंग बदलूनही फरक पडला नाही म्हणून मी गाडी परत घेऊन गेले आणि वर्क्स मॅनेजरला भेटायचंच म्हणून बसून राहिले. सोबत माझे धाकटे दीर होते, त्यांना पुढे कोल्हापूरला जायचं होतं म्हणून ते बरोबर आले होते. मॅनेजर बाहेर आले. मी उभी राहिले, नमस्कार केला, बोलायला लागले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दिरांना विचारलं, “हां साहेब, काय प्रॉब्लेम आहे गाडीचा?” दीर म्हणाले, “गाडी वहिनी चालवतात, त्या सांगतील.” मी सगळं पुन्हा सांगितलं. ७० च्या पुढे, एक्सलरेटर दाबल्यावर, पाय उचलला की बंद, चढावर जास्त. ऐकून झाल्यावर त्यांनी परत दिरांनाच विचारलं, “साहेब, तुम्हाला जाणवतं का?” दीर म्हणाले, “मला लायसनच नाही.”

मग मॅनेजर गाडीपाशी गेले. बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला लावलं, टेबलावरची पाण्याची अर्धी भरलेली बाटली आणली आणि बॅटरीच्या शेजारी ठेवली. म्हणाले, “बघा मॅडम. पाणी हलतंय का? नाही हलत. इंजिन एकदम स्मूथ आहे.” मी म्हटलं, उभ्या गाडीत हलत नाही, हेच तर मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. माझ्याबरोबर हायवेवर चला, मी चालवते, तुम्ही शेजारी बसा, दहा मिनिटांचं काम आहे. तर म्हणाले, “आम्हाला टेस्ट ड्राइव्ह वर्कशॉपच्या मागच्या रस्त्यावरच घ्यायची असते, इन्शुरन्सचा इश्यू असतो.” वर्कशॉपच्या मागचा रस्ता म्हणजे गतिरोधक असलेला सर्व्हिस रोड. तिथे ४० च्या वर गाडी जात नाही. मी विचारलं, मग बिलावर आजपर्यंत ‘रोड टेस्ट ओके’ लिहिलंय ते कुठल्या रस्त्यावरचं? याचं उत्तर दिलं नाही. उलट म्हणाले, “मॅडम, लेडीज ड्रायव्हिंगमध्ये क्लचवर पाय राहतो, त्याने पण असं वाटू शकतं.”

वाटू शकतं! पायाखालचा पत्रा थरथरतो हे मला वाटतं, आणि ११,४०० रुपये घेऊन जी माउंटिंग बदलली ती मग कशाच्या आधारावर बदलली? मी ते विचारलंही. तेव्हा त्यांनी शेवटचं सांगितलं, तेही दिरांकडे बघून. “साहेब, गाडी २०१३ ची आहे. वयाप्रमाणे एवढं व्हायब्रेशन येणारच. तरी क्लच सेट आणि फ्लायव्हील बदलून बघू शकतो, ३८,००० पर्यंत जाईल. त्यापेक्षा एक्सचेंजला द्या, नवीन मॉडेलवर चांगली ऑफर चालू आहे.” आणि शोरूमच्या मुलाला हाक मारून माझ्या हातात ब्रोशर द्यायला लावलं.

माझ्या गाडीची नोंदणी आरटीओने १५ वर्षांसाठी केलेली आहे. ती २०२८ पर्यंत आहे. ऑइल, फिल्टर, टायमिंग, कूलंट, सगळं वेळच्या वेळी आणि तुमच्याच दरात केलेलं आहे. ‘वयाप्रमाणे’ हे निदान होत नाही. कुठला भाग खराब झाला ते शोधायचं नाही म्हणून दिलेलं ते कारण आहे.

शेवटी मी गाडी ओगलेवाडीच्या रस्त्यावरच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “ताई, पाय उचलल्यावर लगेच जातं का?” हो म्हटल्यावर किल्ली मागितली, मला शेजारी बसवलं आणि सरळ हायवेवर गाडी घातली. मसूर फाट्यापर्यंतही जावं लागलं नाही. परत आल्यावर गाडी उचलली, चाकं लोंबकळत ठेवली, आणि डावा एक्सल, म्हणजे गिअरबॉक्समधून चाक फिरवणारा दांडा, गिअरबॉक्सजवळ धरून वर-खाली हलवला. तो हलत होता. मलाही हात लावायला सांगितला. आतल्या जॉइंटच्या बूटचा, म्हणजे ग्रीस आत धरून ठेवणाऱ्या रबरी आवरणाचा, क्लॅम्प सैल होता आणि गिअरबॉक्सच्या खालच्या बाजूला काळं ग्रीस फेकलेलं होतं. त्यावर धूळ बसून जाड थर झाला होता. खोलल्यावर त्यांनी जॉइंटचा कप पुसून माझ्या हातात दिला. रोलर ज्या खाचांमधून सरकतात तिथे लोखंडाला चरे पडले होते. नख अडकत होतं.

हे तुमच्या इंजिनिअरांना मी समजावून सांगावं लागू नये, पण तुमच्या ॲडव्हायझरला सांगावं लागलं होतं म्हणून लिहिते. “जॉइंट गेला असता तर वळताना कटकट आवाज आला असता,” असं तो मला म्हणाला होता. वळताना कटकट करतो तो चाकाकडचा, बाहेरचा जॉइंट. गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट तीन रोलरचा असतो. चाक वर-खाली होताना एक्सलची लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून ते रोलर कपात सरकतात. खाचा झिजल्या की जोर पडल्यावर रोलर अडकत सरकतात आणि चाकाच्या एका फेऱ्यात तीन धक्के बसतात. माझ्या गाडीचं चाक एका फेऱ्यात सुमारे १.९ मीटर जातं. ९० च्या वेगाला सेकंदाला १३ फेरे, म्हणजे जवळपास ४० धक्के. तीच ती थरथर. पाय उचलला की एक्सलवरचा जोर जातो, धक्के थांबतात. चढावर जोर जास्त, म्हणून कमी वेगातही गाडी हलते. मी पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं त्यातच उत्तर होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. डाव्या एक्सलचं आतलं बूट पावसाळ्यापूर्वीच्या सर्व्हिसला बदललेलं आहे. तुमच्याच वर्कशॉपमध्ये. बिलावर पार्ट नंबरसकट नोंद आहे. ज्या क्लॅम्पमधून ग्रीस बाहेर गेलं तो तुमच्या माणसाने बसवलेला क्लॅम्प आहे. ग्रीस गेलं, जॉइंट कोरडा चालला, झिजला, गाडी थरथरायला लागली, आणि मग तुम्ही त्याच गाडीची डिस्क घासलीत, माउंटिंग बदललीत आणि मला सांगितलंत की गाडी म्हातारी झाली. माउंटिंग बदलताना तुमचा माणूस त्याच गिअरबॉक्सखाली वाकून काम करत होता. ते फेकलेलं ग्रीस त्याला दिसलं नाही?

नवीन जॉइंटसाठी तुमच्या पार्ट्स काउंटरने मला ‘फक्त पूर्ण एक्सल असेंब्ली, तीही बॅक ऑर्डरवर’ असं उत्तर दिलं. मिस्त्रींनी पुण्याच्या नाना पेठेतून तोच जॉइंट मागवला. मजुरी, ग्रीस, नवे क्लॅम्प धरून साडेपाच हजारांत काम झालं. आता गाडी १०० ला शांत पळते.

माझ्या सासऱ्यांनी घेतलेली पहिली गाडी तुमचीच होती. तेव्हा कराडात तुमचं वर्कशॉप नव्हतं, तरी कंपनीचा माणूस फोनवर नीट बोलायचा आणि सांगितलेलं लिहून घ्यायचा. त्या विश्वासावर ही गाडी घेतली, माझ्या शब्दावर शाळेतल्या दोन सहकाऱ्यांनीही तुमच्याच गाड्या घेतल्या. त्यांना आता मी काय सांगायचं ते तुम्ही कळवा. हायवेवर एकदा, फक्त एकदा, माझ्याबरोबर कोणी बसलं असतं तर हे काहीच घडलं नसतं.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. बॅलन्सिंग, डिस्क टर्निंग आणि माउंटिंगचे मिळून १४,४०० रुपये परत करा. डाव्या एक्सलचं बूट सदोष बसवलं होतं हे लेखी मान्य करा आणि जॉइंट दुरुस्तीचा खर्च द्या. काढलेली जुनी माउंटिंग मी मागूनही मला दाखवली नाहीत, ती कुठे आहेत ते सांगा. आणि तुमच्या नोंदीत माझी तक्रार ‘ग्राहक समाधानी’ म्हणून बंद केली असेल तर ती नोंद दुरुस्त करून त्याची प्रत मला पाठवा. त्या मॅनेजरनी माझी लेखी माफी मागावी, माझ्या दिरांची नव्हे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस थांबेन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. मी जिथे राहते त्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही, हे मी बघून ठेवलं आहे. झिजलेला कप मी टाकून दिलेला नाही, पिशवीत बांधून तारीख लिहून ठेवला आहे. आयोगापुढे तो घेऊन येईन.

बिलं, जॉब कार्डं, टायरबद्दलचा कागद, मिस्त्रींची पावती आणि कपाचे फोटो सोबत आहेत. उत्तर लेखी द्या. कॉल सेंटरमधून फोन करू नये.

गाडीची मालक आणि चालक,
(सही)
कराड, जि. सातारा