काजव्यांचा फोटो उजेड असतानाच ठरतो

नाशिक, १२ मे

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार.

तुझे गेल्या वर्षीचे भंडारदऱ्याचे फोटो काल पुन्हा नीट पाहिले. आभाळ राखाडी, झाड पुसट, काजवे जेमतेम पंधरा-वीस आणि तेही फिकट. दोन मिनिटांचं एक्स्पोजर देऊनही, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवूनही, काजवे उजळत नाहीत, असं तू लिहिलंस. ते उजळणारच नाहीत.

काजवा लुकलुकतो तो क्षणभर. तेवढ्यात त्याचा ठिपका सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीवर, उमटतो आणि काजवा पुढे सरकतो. शटर नंतर कितीही वेळ उघडं ठेवलंस तरी त्या ठिपक्यावर त्याचा आणखी उजेड पडत नाही. पडतो तो आभाळाचा आणि लांबच्या दिव्यांचा. ठिपका तेवढाच राहतो आणि मागचा अंधार उजळत जातो. ठिपका किती ठळक येणार हे फक्त अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ठरवतात. एक्स्पोजरच्या वेळावर ठरते ती काजव्यांची संख्या. म्हणून अ‍ॅपर्चर २, आयएसओ १६०० आणि वेळ २० सेकंद इथून सुरुवात कर. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सचं अ‍ॅपर्चर ३.५च्या पुढे उघडत नाही. तेवढाच ठळक ठिपका हवा तर आयएसओ तिप्पट, म्हणजे ५०००च्या आसपास न्यावा लागतो आणि सावल्यांत वाळू सांडल्यासारखे दाणे येतात. त्यापेक्षा तुझी ५० एमएम, १.८ची साधी लेन्स ने. झाडापासून पंचवीस-तीस मीटर मागे उभं राहावं लागेल, एवढंच. ठिपक्याचा मध्य पांढरा आणि फक्त कडा पिवळसर-हिरवी दिसली, तर आयएसओ ८००वर आण. काजव्याचा रंग फोटोत टिकला पाहिजे.

तारीख ठरवताना पावसाच्या अंदाजाआधी पंचांग बघ. मेअखेरीपासून मृगाचा पाऊस जोर धरेपर्यंतचे दिवस काजव्यांचे. मुसळधार सुरू झाली की ते झपाट्याने कमी होतात. पण त्या दिवसांत पौर्णिमा आली तर फोटो गेला म्हणून समज. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, त्यामुळे कृष्ण पंचमीपासून पुढे रात्री दहा-साडेदहापर्यंत पूर्ण अंधार मिळतो. अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवसही चालतात, कारण चंद्रकोर लवकर मावळते. दमट, कोंदट, वारा पडलेली संध्याकाळ सगळ्यात चांगली. वाऱ्याने फांद्या हलल्या की वीस सेकंदांत झाडाचा नुसता धुरळा होतो.

आता मुख्य गोष्ट. हा फोटो रात्री काढायचा असला तरी ठरतो उजेडात. त्या दिवसांत सूर्य सातच्या जरा पुढे मावळतो, तर तू साडेपाचला जागेवर हवास. घाटघर, मुरशेत, रतनवाडीच्या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर ही काजव्यांची झाडं भरपूर आहेत. पण नुसतं झाड पुरत नाही. मागे मोकळं आभाळ किंवा लांबचा डोंगर असलेलं एकटं झाड शोध, म्हणजे त्याचा आकार सुटा दिसेल. रस्त्याकडे तोंड करू नकोस. एका गाडीचे हेडलाइट वीस सेकंदांची फ्रेम धुऊन टाकतात, आणि वस्तीवरचा एखादा बल्बही कोपऱ्यात नारिंगी डाग होऊन बसतो. गावातला माहीतगार माणूस सोबत घे. झाड तोच दाखवेल, आणि विंचू-साप कुठे असतात तेही त्यालाच ठाऊक. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, तेव्हा नाक्यावरच्या वेळा आणि नियम आधी विचारून घे.

ट्रायपॉड रोवून फोकस उजेडातच झाडाच्या खोडावर कर. मग लेन्स मॅन्युअल फोकसवर टाक आणि रिंगला चिकटपट्टी लाव. अंधारात 'रिंग शेवटपर्यंत फिरवली की अनंत' असं बरेच जण धरून चालतात आणि तिथेच फसतात, कारण बहुतेक लेन्सची रिंग अनंताच्या थोडी पुढेही जाते. ठिपक्यांऐवजी बटणं दिसायला लागली की समजावं, फोकस हलला आहे. ट्रायपॉडवर हातातले हादरे सावरणारं स्टॅबिलायझेशन बंद ठेव. फाइल रॉ (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ४००० केल्व्हिनच्या आसपास पक्का. ऑटोवर ठेवलास तर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येईल आणि नंतर जुळवता नाकीनऊ येतील. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' आठवणीने बंद कर. ते चालू असलं की प्रत्येक वीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा शटर मिटून आणखी वीस सेकंद बसतो आणि अर्धे काजवे हुकतात.

सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी, आभाळ गडद निळं असताना, एक फोटो आयएसओ १००वर काढून ठेव. झाड, पाऊलवाट, डोंगर हे सगळं स्वच्छ यायला हवं. हा आपला पाया. यानंतर ट्रायपॉडला हात लावायचा नाही, त्याला पाय लागू द्यायचा नाही आणि झूम हलवायचा नाही. आठच्या सुमारास अंधार दाटला की केबल रिलीज (तारेच्या टोकाचं शटरचं बटण) लॉक करून वीस सेकंदांचे फोटो ओळीने काढत जा. साठ फोटो म्हणजे वीस मिनिटं.

घरी आल्यावर पाया खाली ठेवून बाकीच्या फ्रेम त्यावर 'लाइटन' मोडमध्ये रचायच्या. फोटो सुधारण्याच्या जिंप या फुकटातल्या सॉफ्टवेअरमध्येही हे होतं. मात्र लाइटन प्रत्येक जागचा सगळ्यात उजळ कण उचलतं, काजव्याचा आणि नॉइजचा, म्हणजे त्या दाण्यांचाही. जितक्या फ्रेम जास्त, तितका अंधार भुरकट. म्हणून रचण्याआधी प्रत्येक फ्रेमचा काळा भाग कर्व्ह्ज या उजेड-अंधार बदलायच्या साधनात थोडा खाली ओढ. आभाळ चौकटीत असेल तर ते पायाच्याच फोटोतून घे, नाहीतर ताऱ्यांच्या रेघा आणि ढगांचे ओरखडे उमटतात. एकाच जागी चिकटलेले लाल-निळे टिपके दिसले तर ते सेन्सरचे. तिथून निघण्याआधी लेन्सला टोपी लावून त्याच सेटिंगवर पाच-सहा फोटो काढलेस की ते ओळखून पुसता येतात.

फ्रेम किती रचायच्या, यावर माझं मत ठाम आहे : साठातल्या निवडक दहा-पंधरा. दोनशे फ्रेमचे फोटो पाहिलेत मी. सगळं रान पिवळ्या ठिपक्यांनी लिंपलेलं असतं, झाड कुठलं कळत नाही आणि तशी रात्र कोणी पाहिलेली नसते. रचलेला फोटो आहे आणि किती फ्रेमचा आहे, हे फोटोखाली लिहावं. माझ्या संग्रहातला सर्वांत आवडता काजव्यांचा फोटो एकाच फ्रेमचा आहे : काळा सादडा, त्याच्या डाव्या अंगाला तीसेक ठिपके, बाकी सगळा काळोख. फांदीवरचे काजवे एकदम लुकलुकतात तेव्हा एक फ्रेमही पुरते.

दमटपणाने लेन्सवर बाष्प धरतं आणि अंधारात ते लक्षातही येत नाही. एसी गाडीतून कॅमेरा काढून लगेच उघडू नकोस. बंद बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू दे. दर दहा मिनिटांनी काच तपासायची, पण टॉर्चने नाही. कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लाव आणि स्क्रीनवरचा प्रिव्ह्यू बंद ठेव. पायाखालची वाट दिसायला हेडलॅम्पवर लाल जिलेटिनचा कागद दुहेरी बांध आणि झोत पायाशीच ठेव. ते लुकलुकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना शोधणं आहे. प्रौढ काजव्याचं आयुष्य थोड्याच आठवड्यांचं असतं, त्यातल्या रात्री आपल्या टॉर्चने वाया घालवायचा आपल्याला काय अधिकार? फ्लॅश तर नाहीच. झाडाखाली पाय तुडवत फिरूही नये. काही जातींच्या उडता न येणाऱ्या माद्या आणि अळ्या तिथेच पाचोळ्यात असतात.

वहिनींचा मोबाइलही चालेल, पण छोट्या ट्रायपॉडवर आणि प्रो मोडमध्येच, म्हणजे सगळी सेटिंग हाताने ठरवून. नाइट मोड अनेक फोटो एकत्र करताना हलते बारीक ठिपके कचरा समजून पुसतो.

वळवाची वीज चमकू लागली तर सगळं तसंच सोडून गाडीत जाऊन बसा. झाडाखाली थांबू नका.

पहिल्याच रात्रीच्या रॉ फाइली पाठव, पायाच्या फोटोसकट. फोकस कुठे आहे ते आधी बघू, मग रचण्याचं.

तुझा,
अनंत